अकोटचा डबा

"तीन कशाला पाहिजेत, वकारभाई? एकात नाही भागणार?"

अमोलनं टेबलावर पसरलेल्या कागदावर बोट ठेवलं. कागदावर वकारनं पेन्सिलनं तीन चौकोन काढले होते आणि डाव्या हाताला एकाखाली एक पाच गोल. गोल म्हणजे फर्मची पाच जिनिंगं, कापसातली सरकी काढून रुई करणारी. चौकोन म्हणजे अजून यायचे होते ते सर्व्हर.

"भागवायचं म्हटलं तं भागते, भाऊ," वकार म्हणाला. "पण पाहा. या पहिल्यात पाची जिनिंगांचे दिवसभराचे आकडे येऊन पडतीन. दुसऱ्यात ते निवडून, जागच्या जागी लावून ठेवायचे. अन् तिसऱ्यावरून तुमी अमरावतीत बसल्या बसल्या पाहासान. सगळं एकाच मशीनच्या गळ्यात बांधलं, तं तुमी तिकडे वर्षाचा रिपोर्ट मागसान अन् इकडे वजनकाट्यावर गाड्या खोळंबतीन."

अमोल हसला. तो तिशीतला, पुण्याला शिकून आलेला. काकांना अर्धांगवायू झाला आणि सगळी फर्म त्याच्या अंगावर पडली. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला जाल तर हात हलवत परत याल.

"तीन तर तीन," तो म्हणाला. मग आवाज उतरवून बोलला, "तुमच्यापासून काय लपवायचं? हा हंगाम संपला की पाचातलं एक विकावं लागणार. नाहीतर पाचही जातील. काकांच्या वेळी असतं तर कोण जवळचं, कोण लांबचं ते बघून ठरलं असतं. मला तसं नको. जे सगळ्यात कमी दिवस चाललं ते जाईल. आणि ते हे मशीन सांगेल."

वकारच्या मनात पहिल्यांदा आलं ते अकोट. आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. अकोटचं जिनिंग पाचांत सगळ्यात जुनं, पत्रे गंजलेलं, दिसायला अगदी भिकार. पण चालायला त्याच्यासारखं दुसरं नव्हतं. नुसतं डोळ्यांनी पाहून ठरवलं असतं तर तेच पहिलं गेलं असतं. आता आकड्यांनी ठरणार म्हणजे ते वाचलं, असं त्यानं मनाशी धरलं.

ती सालं वऱ्हाडात कापसाची नव्हतीच. पाऊस यायचा तेव्हा येत नव्हता आणि नको तेव्हा बोंडांवर कोसळत होता. भावाचं तर नाव काढू नये. ज्या जिनिंगांपुढे दिवाळीनंतर गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत जायची, तिथं फाटकात कुत्री ऊन खात पडलेली असत. अकोटलाही गाड्या कमी झाल्या होत्या, पण फाटक उघडलं नाही असा दिवस नव्हता, कारण तिथं नत्थुजी होते.

नत्थुजींना मॅनेजर म्हणा की कारभारी म्हणा, सकाळचा भोंगा ते स्वतः वाजवत. दोनच गाड्या आल्या तरी जिन चालू करत. "लोकाइनं आपल्या भरोशावर बैल जुपले," म्हणत, "त्याइले वापस धाडाचं काय?" वकार मूळचा अकोटचाच. त्याचे वडील गयासुद्दीन बसस्टँडपाशी रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेले तेव्हा नत्थुजींनी या पोराला काट्यावर घेतलं आणि दोन हंगामांनी स्वतःच हाकलून दिलं. "जाय अकोल्याले, कॉम्प्युटर शिक. इथं रुईत खोकत मरशीन काय?" वकार गेला, शिकला, आणि त्याच फर्मच्या अकोल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवाला म्हणून बसला.

पुढं नत्थुजींची नात आचल नर्सिंग शिकायला अकोल्याला आली आणि तिची आजी गोदाबाई तिचा डबा सकाळच्या पहिल्या एस.टी.नं धाडू लागल्या. आपल्याकडे शिकणाऱ्या पोरांचे डबे असेच जातात. कंडक्टरच्या सीटमागं पंधरा-वीस डबे खडखडत असतात, प्रत्येकाला गावाचं आणि पोराचं नाव. नत्थुजींनी एक दिवस फोनवर सांगितलं, "वकार, डबा तं रोज जातेच. तुहे आकडेबी त्यातच येऊ दे."

तेव्हापासून वकार रोज सकाळी स्टँडवर. डब्याला बांधलेल्या पांढऱ्या फडक्याच्या एका कोपऱ्याला गाठ असायची, गाठीत पेन ड्राइव्ह. ती सोडून पेन ड्राइव्ह खिशात टाकायचा आणि डबा आचलच्या होस्टेलच्या दारावर द्यायचा. नत्थुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाठ नसली तं समज, जिनिंग बंद. बिघाड असो, मयत असो. फोन लावत बसू नको." एवढ्या वर्षांत ते कधी चुकलं नाही. गाठ नसली की जिनिंग बंदच असे. तसे दिवसही थोडे.

सर्व्हरचा आराखडा वकारनं जीव ओतून केला. मशीनं कुठं ठेवायची इथपासून सुरुवात. ऑफिसमागचं सरकीचं जुनं गोदाम त्यानं निवडलं, कारण त्याच्या भिंती जाड, अकोल्याचा वैशाखवणवा आत शिरत नव्हता. हवेत रुईचे तंतू उडतात, ते मशीनच्या पंख्यांत जाऊन बसतात, म्हणून खिडक्यांना मलमलीचं दुहेरी कापड लावून घेतलं. उंदरांसाठी वायरी लोखंडी नळ्यांतून नेल्या. लाइट गेली तर बॅटऱ्या, बॅटऱ्या संपल्या तर जनरेटर, अकोल्यात आग लागली तर सगळ्याची एक नक्कल अमरावतीत. अफसाना, त्याची बायको, म्हणायची, "निकाह के वक्त भी इतनी तैयारी नहीं की थी तुमने." तो हसायचा आणि पुन्हा कागदात तोंड घालायचा.

आणि त्याच आराखड्यात, खाली कुठंतरी, त्यानं एक ओळ लिहिली. रात्री दहापर्यंत ज्या जिनिंगचे आकडे येणार नाहीत, ते त्या दिवशी बंद धरावं. दहानंतर काही आलं तर ते वेगळ्या जागी ठेवावं, म्हणजे बंद केलेला दिवस पुन्हा उकलावा लागणार नाही.

पुण्या-मुंबईच्या कंपनीला हे काम दिलं असतं तर तिथल्या एखाद्यानं नक्की विचारलं असतं की आकडे आले नाहीत म्हणजे बंद कशावरून? लाइन तुटली असेल, लाइट गेली असेल. वकारला ते सुचलंच नाही. सुचणार कसं? गाठ नाही म्हणजे जिनिंग बंद, हे तो रोज सकाळी स्वतःच्या बोटांनी तपासत आला होता.

दसऱ्याला मशीनांची पूजा झाली. हार घातले, नारळ फोडला. नत्थुजी अकोटहून आले होते. तिन्ही सर्व्हरांभोवती फिरून आले आणि म्हणाले, "गुणगुणून तं राह्यले. बोलत काहून नाहीत?"

"बोलतीन काका. अन् खोटं नाही बोलणार. तुमचं जिनिंग किती चालते ते आता अमरावतीत रोज दिसन."

"मंग बरं," नत्थुजी म्हणाले. विकायची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती, पण त्यांनी ती काढली नाही. जाताना फक्त वकारचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

कार्तिकात एका दुपारी त्यांचा फोन आला. दुसऱ्या सर्व्हरचा पंखा अडकला होता आणि वकार स्टुलावर उभा, हातात पेचकस, फोन मानेत अडकवलेला.

"वकार, आमच्याइकडे रात्रीची लाइट नसते. लोडशेडिंग. पहाटे येते, तवा मी कालचं सगळं धाडून देतो. चालते ना?"

"चालते, काका."

"का डब्यात बांधत जाऊ? आचलचा डबा तं जातेच."

"नाही काका, आता त्याची गरज नाही. सरळ मशीनमंदी येते."

"बरं. गोदी म्हणे, फडकं कसं मोकळं मोकळं वाटते."

वकार हसला, फोन ठेवला, पंखा काढला. बाकीची चार जिनिंगं औद्योगिक वसाहतींत होती, त्यांना विजेची वेगळी लाइन. अकोटचं तेवढं जुनं, गावाच्या लाइनवर. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या घडीला त्याचं सगळं लक्ष पंख्यात होतं, आणि 'चालते' हा आपल्या तोंडचा शब्दच असा की विचार करायच्या आत बाहेर पडतो.

हंगाम सरला. वकारचं काम सर्व्हर चालू ठेवायचं. त्यांच्यावर कोणतं चित्र दिसतं ते अमरावतीतल्या पडद्यावर अमोल पाहायचा. वकारनं एकदाही तो पडदा उघडून पाहिला नाही. पुढं कित्येक दिवस त्याला तेच खात राहिलं, की एकदा जरी पाहिला असता.

चैत्रात अमोल अकोल्याला आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "अकोटचा सौदा झाला. मलाही वाटलं नव्हतं. नत्थुजींचं वय झालं हो आता. अर्धाअधिक हंगाम बंदच होतं."

वकार म्हणाला, "अकोट?"

अमोल गेल्यावर तो मागच्या गोदामात गेला आणि पहिल्या सर्व्हरपुढे बसला. उशिरा आलेल्या आकड्यांची ती वेगळी जागा त्यानं उघडली. हंगामभर तिकडे कुणी डोकावलं नव्हतं. अख्खं अकोट तिथं पडलेलं होतं. किती कापूस आला, किती रुई निघाली, किती सरकी, कोणत्या बाया कामावर होत्या. रोज पहाटे, न चुकता, नत्थुजींनी पाठवलेलं. ज्या थोड्या दिवशी रात्री लाइट राहिली तेवढेच दिवस पडद्यावर चालू म्हणून लागले होते. मशीनं आपली गुणगुणत होती. तो तिथंच बसून रडला, तोंडावर रुमाल धरून, कारण पलीकडे ऑफिस भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो अमरावतीला गेला. खरे आकडे जोडून काढलेलं चित्र त्यानं अमोलपुढं ठेवलं. अमोलनं ते पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अकोट कितवं येतं?"

"पहिलं."

अमोल उठून खिडकीशी गेला. "इसार घेतला, वकारभाई. घेणारा तिथं प्लॉट पाडतोय. यंत्रं भंगारात गेलीसुद्धा." मग वळून म्हणाला, "आराखडा तुमचा होता, पण विचारलं मीही नाही. अर्धा हंगाम बंद दिसतंय तर एक चक्कर मारून यावी, एवढंही मला सुचलं नाही. तुम्हाला मी काही बोलणार नाही. फक्त एक ऐका. नत्थुजींना हे सांगू नका. आता कळून त्यांना काय मिळणार? उगाच जीव जळेल."

परतीच्या गाडीत वकारला ते पटलं. घरी येईपर्यंत पटत राहिलं. रात्री जेवताना त्यानं अफसानाला सगळं सांगितलं. ती ताटात पाहत म्हणाली, "जिनिंग तो गया. लेकिन वो क्यों गया, ये जानने का हक तो उन्हीं का है." मग त्यानं ताट बाजूला सारलं.

अकोटच्या स्टँडवर उतरून तो पायीच गेला. फाटक उघडं होतं, फाटकाला एक पल्ला नव्हता. शेडचे पत्रे उतरवलेले, आतून आभाळ दिसत होतं. जिथं जिन होते तिथं सिमेंटच्या चौथऱ्यांवर तेलाचे काळे डाग. भोंग्याचा खांब तेवढा उभा. नत्थुजी लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, काट्याच्या खड्ड्याकडे तोंड करून.

"ये. बस," ते म्हणाले. "चहा नाही भेटत आता इथं. जमुनाचं कँटीन गेलं."

वकार बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं, पहिल्यापासून. ती दहाची ओळ, ती वेगळी जागा, पंखा, फोन. सगळं ऐकून झाल्यावर नत्थुजींनी विचारलं, "म्हंजे सकाळी धाडलेलं कोणी पाह्यलंच नाही?"

"नाही, काका."

"अन् तू चालते म्हणला."

"म्हणलो."

नत्थुजींनी गळ्यातला दुपट्टा काढला, घडी केली, मांडीवर ठेवला. "अमोलभाऊंनं मले कागद दाखवला," ते म्हणाले. "त्यात आमी आज बंद, उद्या बंद, परवा बंद. म्या म्हटलं, असन बापा, मशीन कायले खोटं बोलन? घरी आलो अन् एकेक दिवस आठवून पाह्यला. कोणत्या दिवशी आपन बंद होतो? मले एकबी आठवे ना. मले वाटलं, आपलं डोकं गेलं. म्या गोदीले विचारलं, गोदे, मी भोंगा वाजवाले जात होतो ना वं रोज? थे रडाले लागली. तिले वाटलं, बुढा कामातून गेला."

नत्थुजींनी फाटकाकडे बोट केलं.

"अन् जिनावरच्या इंदूबाईले, बाकीच्या बायाइले म्या काय म्हटलं, माईत आहे? म्हटलं, तुमी हात हळू चालवले, नागे मारले, म्हणून गेलं. फाटकात उभं राहून म्हटलं. एक बाई उलटून बोलली नाही मले. जिंदगीभर ज्याइनं माह्यासंगं रुई गिळली त्या बाया."

"काका, मले मारा पाहिजे तं."

"मारून काय होते?" नत्थुजी त्याच्याकडे पाहत राहिले. मग अगदी हळू, लहान पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "चालू होतं ना? खरं सांग."

"रोज चालू होतं काका. पाचांत पहिलं."

नत्थुजींनी मान हलवली. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"तू जाय आता," ते म्हणाले. "तू आला, सांगितलं, हे बरं केलं. पण आज तुह्याशी बोलवत नाही मले. मी पहिले इंदूबाईच्या घरी जातो."

आणि ते फाटकातून बाहेर पडले, अनवाणीच. चपला खुर्चीखाली राहिल्या होत्या. वकारनं त्या उचलल्या, मागं धावला, तर त्यांनी नुसता हात केला, राहू दे म्हणून. त्या चपला त्यानं गोदाबाईंच्या दारात नेऊन ठेवल्या आणि हाक न मारताच परत फिरला.

अकोल्याला येऊन त्यानं आराखड्यातली ती ओळ खोडली. 'चालू' आणि 'बंद'च्या जोडीला आता तिथं तिसरा शेरा आहे, 'आकडे आले नाहीत'. असं दिसलं की ऑफिसातून माणूस फोन करतो आणि विचारतो, काय झालं. उरलेल्या चार जिनिंगांना त्याचा उपयोग होतो. अमोल म्हणाला, "आता व्यवस्थित झालं." वकार 'हो' म्हणाला. व्यवस्थित झालंच होतं.

नत्थुजींचा फोन आला नाही. वकारनं दोनदा लावला, दोन्ही वेळा गोदाबाईंनी उचलला आणि "ते बाहेर गेले," म्हणाल्या. आचलचं शिक्षण संपलं, ती अमरावतीच्या एका दवाखान्यात लागली, त्यामुळे अकोल्याला डबाही येईनासा झाला. पण सकाळी ऑफिसला जाताना वकारचे पाय आपसूक स्टँडवरून जात. पहिली अकोट गाडी लागायची, कंडक्टर डबे उतरवायचा, पोरं आपापले डबे घेऊन पांगायची. तो थोडा वेळ उभा राहायचा आणि निघायचा.

दिवाळी होऊन गेली, कापूस घरी यायला लागला. अशाच एका सकाळी कंडक्टरनं त्याला हाक मारली. "ओ वकारभाई, उभे काहून? तुमचा डबा आहे ना. अकोट."

त्यानं डबा हातात घेतला. वर चिकटवलेल्या कागदावर आचलचं नव्हे, त्याचंच नाव होतं. फडकं तेच, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आणि त्याच्या एका कोपऱ्याला गाठ होती.

वकारनं ती बोटांनी चाचपली. आत काही नव्हतं. नुसता कापडाचा पीळ, घट्ट बसलेला, दोनदा आवळलेला. गोदाबाईंची गाठ एकदाच आवळलेली असायची, ते त्याला ठाऊक होतं. अशी दोनदा आवळायची सवय नत्थुजींची, पोत्याचं तोंड बांधणाऱ्याची.

तो डबा घेऊन ऑफिसला गेला नाही, घरी आला. अफसानानं उघडला. ज्वारीच्या भाकरी, आंबाडीची भाजी, लसणाची चटणी, कागदात वेगळा गूळ. दोघं जेवले. रिकामा डबा परत धाडायचा नसतो म्हणून तिनं शेवया केल्या, त्या निवेपर्यंत फडकं धुवायला घेतलं आणि कोपऱ्याची गाठ सोडू लागली.

"रहने दो," वकार म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, हात थांबवला. फडकं गाठीसकट धुतलं, गाठीसकट उन्हात वाळवलं. संध्याकाळच्या अकोट गाडीनं डबा परत गेला, तेव्हा गाठ तशीच होती.